दाबाखालचा प्राणवायु

सोड्याची बाटली फोडतांच आंतून जे बुडबुडे उसळतात ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. बाटली बंद असतांना ते कोठें असतात? कोठेंच नसतात, वायु पाण्यांत विरघळून गेलेला असतो, आणि त्याला तसा विरघळवून ठेवण्याचें काम आंतला दाब करीत असतो. दाब जितका अधिक तितका वायु द्रवांत अधिक विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८०३ सालीं मांडला. दाबाखालीं प्राणवायु देण्याच्या वैद्यकीय उपचाराचें सारें रहस्य या एवढ्याशा नियमांत आहे.

मानवी देहांत हा नियम कसा चालतो याचा पहिला अनुभव दुःखदच आला. एकोणिसाव्या शतकांत मोठ्या नद्यांवर पूल बांधतांना, खांबांचा पाया खणण्यासाठीं तळाशीं प्रचंड पेट्या बसवीत व पाणी शिरूं नये म्हणून त्यांत दाबाची हवा भरीत. अमेरिकेंत सेंट लुइस येथें मिसिसिपी नदीवरील पुलासाठीं १८७० सालीं मजूर अशा पेट्यांत उतरले. काम करतांना त्यांना कांहीं होत नसे. वर आल्यावर मात्र सांधे असह्य दुखत, पाय लुळे पडत. दहाहून अधिक मजूर दगावले. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानें १८७८ सालीं याचें कारण दाखवून दिलें. दाब एकाएकीं उतरला कीं देहांत विरघळलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होतात. थोडक्यांत, बिचाऱ्या मजुराच्या देहाचीच सोड्याची बाटली होत असे! उपाय एकच : त्याला पुन्हां दाबांत नेणें व मग अगदीं सावकाश बाहेर आणणें. पाणबुड्यांसाठीं आजहि तोच उपाय आहे. त्याला प्राणवायूची जोड मिळाली आहे इतकेंच.

ही जोड महत्त्वाची कां, तें पाहूं गेल्यास गोष्ट मोठी मौजेची आहे. रक्तांतील जवळजवळ सगळा प्राणवायु तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन वाहून नेतें. रक्ताच्या पातळ भागांत तो नांवालाच असतो. साध्या हवेंत शंभर घनसेंटिमीटर रक्तामागें सुमारें एक-तृतीयांश घनसेंटिमीटर. परंतु रोग्यास पोलादी कोठींत ठेवून, दाब नेहमींच्या हवेच्या तिप्पट केला व शुद्ध प्राणवायु हुंगावयास दिला, तर हेंच प्रमाण सुमारें सहा घनसेंटिमीटरांवर जातें. स्वस्थ पडलेल्या देहाची गरज साधारण एवढीच! ॲम्स्टरडॅम येथील शल्यवैद्य इटे बूरेमा यानें १९६० च्या सुमारास डुकरांचें जवळजवळ सर्व रक्त काढून त्या जागीं हिमोग्लोबिनरहित द्रव भरला. तिप्पट दाबांत तीं जिवंत राहिलीं, आणि रक्त परत भरल्यावर बरीं झालीं. आपल्या लेखास त्यानें ‘रक्तावांचून जीवन’ असें नांव दिलें.

कोंडलेल्या खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणाऱ्याचा जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला असा चिकटतो कीं प्राणवायूला जागाच उरत नाहीं. त्यांतला अर्धा वायु सुटावयास साध्या हवेंत सुमारें पांच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर दीड तास, आणि तिप्पट दाबांत अर्ध्या तासाहूनहि कमी. पुढें मेंदूवर होणारे परिणाम त्यानें कितपत टळतात, याविषयीं वैद्यांत मतभेद आहेत. गॅस गँगरीनचे जंतु प्राणवायूच्या अभावींच फोफावतात. तेथें शस्त्रक्रिया व औषधें यांच्या जोडीला ही कोठी उपयोगी पडते. मधुमेही माणसाच्या पायाची कांहीं केल्या न भरणारी जखम, क्ष-किरणांच्या उपचारानें दुखावलेलें मांस, अशा निवडक रोग्यांनाहि तिचा लाभ होतो. पण तेथें दीड-दोन तासांच्या तीस-चाळीस बैठका लागतात.

धोके आहेतच. कानांत दडे बसतात. प्राणवायूच्या अतिरेकानें आचके येतात, हें बेरनेंच दाखविलें होतें. आणि ठिणगी तर भयंकरच. १९९७ सालीं मिलान येथें एका रुग्णालयाच्या कोठीस आग लागून अकरा जण मृत्यु पावले.

आणखी एक धोका भोळ्या आशेचा. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें १९२८ सालीं चौसष्ट फूट व्यासाचा, खोल्याखोल्यांचा एक पोलादी गोल उभा राहिला. कनिंगहॅम नांवाचा डॉक्टर त्यांत दाबाच्या हवेनें मधुमेह, कर्करोग असे रोग बरे करण्याची हमी देई. तेथील वैद्यकसंघटनेनें पुरावा मागितला. तो कधींच मिळाला नाहीं, व महायुद्धांत तो गोल मोडीच्या पोलादासाठीं गेला. तरी २०१३ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला पुन्हां इशारा द्यावा लागला कीं, कर्करोग, स्वमग्नता इत्यादींवर या उपचाराचा गुण सिद्ध झालेला नाहीं. घरीं ठेवावयाच्या ज्या कापडी कोठ्या विकल्या जातात, त्यांतील दाब तर नेहमींच्या हवेच्या सव्वा-दीडपटीच्या आंतबाहेरच असतो.