घरून ऑफिसचा संगणक उघडताना…

ऑफिसातला संगणक घरच्या लॅपटॉपवर उघडला, तरी त्यातली फाइल तिथेच राहते. तिकडून पडद्याचे चित्र येते, इकडून कीबोर्ड-माउसचे संकेत जातात. विंडोजमध्ये ही ये-जा सहसा ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. सोयीसाठी हा पोर्ट इंटरनेटला थेट खुला ठेवला, की पासवर्ड ओळखू पाहणारे प्रोग्रॅम तिथे धडका देऊ लागतात. २०१९मध्ये याच सेवेत ‘ब्लूकीप’ ही त्रुटी सापडली. तिचा फायदा घ्यायला पासवर्डही लागत नव्हता. धोका ओळखून मायक्रोसॉफ्टने तोवर बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. म्हणून आधी ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये शिरावे, पासवर्डच्या जोडीला ओटीपी ठेवावा, मगच संगणक गाठावा. आणि ऑफिसातून निघताना ‘स्लीप’ची सेटिंग बंद करावी, झोपलेला संगणक सहसा हाकेला ओ देत नाही.