रिकाम्या पाटाचा पाहुणा

पंगत बसली आहे, पाने वाढली आहेत. मधला एक पाट मात्र रिकामा आहे. यजमानांनी तो मुद्दामच राखून ठेवला आहे, कारण पाहुणा अद्याप वाटेत आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासात असेच एक यजमान होऊन गेले. त्यांनी पाट तर राखलाच. पण येणाऱ्या पाहुण्याचे रंगरूपही आधीच सांगून ठेवले!

ते म्हणजे रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलेव्ह (१८३४–१९०७). १८६९ साली ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. मेंडेलेव्ह यांनी ती अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा आठवड्यात सोमवार फिरून यावा त्याप्रमाणे तेच गुणधर्म ठराविक अंतराने पुन्हा अवतरताना दिसले. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम हे धातू असे एका कुळात आले. तिन्ही मऊ, तिन्ही पाण्याशी झगडणारे. लिथियम पाण्यावर नुसता फसफसतो, सोडियम वितळून सैरावैरा धावतो आणि पोटॅशियम तर जांभळट ज्वालेने पेट घेतो. अणूच्या सर्वांत बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉन खालच्या धातूत केंद्रापासून अधिक दूर असतो व म्हणून सहज सुटतो, हे त्याचे कारण विसाव्या शतकात उमगले.

जस्तापाशी मात्र हा क्रम अडला. अणुभाराप्रमाणे जस्तानंतर आर्सेनिक येई. पण ॲल्युमिनियमच्या कुळाशी त्याचे गुण जुळेनात. ते शोभत होते फॉस्फरसच्या कुळात. मेंडेलेव्ह यांनी आर्सेनिकला तेथेच बसविले आणि मधली दोन घरे रिकामी सोडली. ॲल्युमिनियमच्या कुळातील अज्ञात मूलद्रव्याला त्यांनी संस्कृतातील ‘एक’ हा शब्द जोडून ‘एका-ॲल्युमिनियम’ असे नाव दिले आणि १८७१ साली त्याची घनता सुमारे ५.९ असेल, असे भाकीत केले.

१८७५ साली लकॉक द ब्वाबोद्राँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना पिरेनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजाच्या वर्णपटात दोन अनोळखी जांभळ्या रेषा आढळल्या. गॅलियम सापडले होते! परंतु त्यांनी मोजलेली घनता भरली ४.७. ज्यांनी त्या धातूचा कणही पाहिला नव्हता, त्या मेंडेलेव्ह यांनी कळविले की, नमुना शुद्ध नसावा, पुन्हा मोजावे. आता खरे कोणाचे मानावे? ज्यांच्या हाती धातू होता त्यांचे, की ज्यांच्या हाती केवळ कागद होता त्यांचे? धातू शुद्ध करून पुन्हा मोजला गेला, आणि घनता भरली ५.९!

पुढे १८७९ साली स्कँडियम व १८८६ साली जर्मेनियम हे पाहुणेही आपापल्या पाटावर येऊन बसले.

मेंडेलेव्ह यांचे प्रत्येक भाकीत खरे ठरले असे नव्हे. मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुभारावर नसून अणुकेंद्रातील विद्युत्भारावर अवलंबून आहे, हेही १९१३ साली मोज्ली यांनी दाखविले. तथापि मांडणी टिकली. आज तिच्यात ११८ मूलद्रव्ये असून १०१ वे मेंडेलेव्ह यांच्या नावाने ओळखले जाते. तळहातावर ठेवताच वितळू लागणारे गॅलियम तर आता आपल्या घरी आले आहे. एलईडी दिव्याचा प्रकाश त्याच्याच संयुगातून निघतो.

आपणास जे ठाऊक नाही, त्यासाठी प्रामाणिकपणे जागा मोकळी ठेवणे, हेही ज्ञानच होय.