सीडीवर आलेला ड्रायव्हर

बीड-अंबाजोगाईकडे आम्हा बऱ्याच जणांच्या हाती लिनक्स पडलं ते टपालानं. उबुंटूमागची कॅनॉनिकल कंपनी तेव्हा जगात कुठंही फुकट सीडी पाठवायची. पत्ता नोंदवला की काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट आणून द्यायचा. एप्रिल 2011 मध्ये ती योजना बंद झाली. तोवर सीडीवर जे असेल तेवढंच आपलं. त्यापलीकडचं काही हवं असेल तर नेट कॅफे गाठायचा, आणि फाइल अर्धी उतरली असताना वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. स्क्रीनच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ मला याच अंतरात दिसतं. ग्राफिक कार्डाचा जो ड्रायव्हर कर्नलसोबत आला तो बीडपर्यंत पोहोचला. जो कंपनीच्या संकेतस्थळावर राहिला, त्यानं आमची वर्षं खाल्ली.

सुरुवातीचं दुखणं रिझोल्यूशनचं. 2005-06 च्या सुमारास 1280 बाय 800 चे रुंद पडदे असलेले लॅपटॉप इकडे दिसू लागले. इंटेलच्या चिपचा ड्रायव्हर तेव्हा पडद्याची मापं व्हिडिओ बायोसला विचारायचा, आणि बऱ्याच बायोसच्या यादीत हे मापच नसायचं. मग 1024 बाय 768 चं चित्र ताणून दिसायचं. ‘915 रिझोल्यूशन’ नावाचं चिमुकलं साधन ती यादी मेमरीत बदलून टाकायचं, पण लॅपटॉप दर वेळी सुरू होताना ते नव्यानं चालवावं लागे. शिवाय पडद्याची मांडणी लिहायची ‘झॉर्ग डॉट कॉन्फ’ ही फाइल होतीच. तिची एक ओळ चुकली की पडदा काळा. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ 1 दाबून कन्सोलवर जायचं आणि नॅनोमध्ये दुरुस्ती करायची. नवख्या पोरांना वाटायचं, लॅपटॉपच गेला. ती दुकानात जायची, तिथं कुणीतरी चोरीची विंडोज टाकून द्यायचं आणि प्रश्न मिटायचा. मला ते फार लागायचं, कारण यंत्रात काहीच बिघडलेलं नसायचं.

2007 मध्ये इंटेलचा ड्रायव्हर बायोसला न विचारता पडदा स्वतः लावायला शिकला. मार्च 2009 मध्ये कर्नल 2.6.29 आला आणि इंटेलच्या चिपपुरतं हे काम थेट कर्नलकडे गेलं. या साऱ्या काळातली सगळ्यात मोठी घटना माझ्या लेखी हीच. तिचा गाजावाजा फारसा झाला नाही, पण हळूहळू झॉर्ग डॉट कॉन्फ उघडायची वेळच येईनाशी झाली. पुढच्याच वर्षी एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूवो’ कर्नलमध्ये दाखल झाला. कंपनीनं माहिती दिली नसताना, कार्डाचं वागणं तपासून तपासून लोकांनी लिहिलेला हा ड्रायव्हर. त्या माणसांचं ऋण मी मानतो.

त्याच 2010 मध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिमस आलं आणि नवा त्रास सुरू झाला. एका लॅपटॉपात दोन कार्डं: पडदा इंटेलच्या ताब्यात आणि एनव्हिडियाचं कार्ड नुसतंच जागं. काही काम नसताना ते तापायचं, बॅटरी खायचं. भारनियमनात बॅटरीवरच अभ्यास करणाऱ्या आमच्याकडच्या मुलांना, त्यातही मे महिन्यात, हे परवडणारं नव्हतं. 2011 मध्ये स्वयंसेवकांनी ‘बम्बलबी’ रचलं तेव्हा ते कार्ड झोपवता येऊ लागलं. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकला तर कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागे. तो बांधला गेला नाही की सकाळी काळा पडदा. अशा वेळी ग्रबमध्ये ‘नोमोडसेट’ लिहून आत शिरायचं आणि मग दोष शोधायचा. 2012 मध्ये लिनस टॉरवल्ड्सनं फिनलंडमध्ये भर सभेत एनव्हिडियाला शिवी दिली. तो संताप आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कंपनीनं आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला तो मे 2022 मध्ये, तोही टुरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या कार्डांसाठी.

दरम्यान पडदा रंगवणारा एक्स, म्हणजेच झॉर्ग, मागे पडून वेलँड आलं. काम 2008 पासून चालू होतं, पण आम्हाला त्याची झळ लागली ती ऑनलाइन वर्गांच्या काळात. फेडोरावर शिक्षक स्क्रीन शेअर करायचे आणि मुलांना काळी चौकट दिसायची. तेव्हा लॉगआउट होऊन झॉर्गचं सत्र निवडा, एवढंच फोनवर सांगता यायचं. आता ती पळवाटही मिटत चालली आहे. 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे निघाली. त्याच दिवशी जीनोम या डेस्कटॉपची 49 वी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि त्यात एक्सचं सत्र मुळातच बंद ठेवलेलं होतं.

नव्या लॅपटॉपची तक्रार हल्ली क्वचित येते. कधी इंटेलचा पडदा लुकलुकतो, तर पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद केलं की बहुधा थांबतो. जास्त येतात ते पुण्याहून आलेले सेकंडहँड लॅपटॉप. त्यातल्या कित्येकांतल्या जुन्या एनव्हिडिया कार्डांना लागणारी ड्रायव्हरची 390 ची शाखा कंपनीनं 2022 च्या अखेरीस सोडून दिली. तिथं तो ड्रायव्हर काढून टाकायचा आणि नूवोला चालू द्यायचं. वेग कमी मिळतो, गेम चालत नाहीत. प्रश्नपत्रिका टाइप करायला, पीडीएफ वाचायला आणि प्रोजेक्टरवर धडा दाखवायला तो पुरतो.