घराला रंग, घरात गरोदर बाई



श्रावण लागला की आपल्या पनवेल तालुक्यात घराघरांत एकच गडबड सुरू होते. गणपती यायच्या आत घर झाडून-पुसून झालं पाहिजे, भिंतींना रंग लागला पाहिजे. कुणी पेंटर बोलावतं, पण बऱ्याच घरांत रंगाचा डबा आणि ब्रश आपल्याच हाती येतो. त्यातच घरात सून गरोदर असते, किंवा लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली असते. मग प्रश्न निघतो. तिनं रंगकामाला हात लावला तर चालेल का? नव्या रंगाच्या खोलीत ती झोपली तर पोटातल्या बाळाला काही होईल का?

या प्रश्नाला घरात दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणते, "आम्ही नाही का नववा लागेपर्यंत भिंती सारवल्या? काही होत नाही." दुसरी म्हणते, "रंगाचा नुसता वास आला तरी बाळाला बाधतं." दोघीही अर्धंच सांगतात. शेणामातीचं सारवण वेगळं आणि ऑइल पेंट वेगळा. आणि खरा धोका बऱ्याचदा ज्याला वासच नाही त्यात असतो.

आधी थोडक्यात उत्तर सांगतो. पाण्यात कालवायच्या आजच्या रंगाचा थोडा वेळ वास आला, म्हणून बाळाला इजा होण्याची शक्यता फार कमी आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवाही गरोदर बायांना हेच सांगते. गरोदर बाईला जपायचं ते तीन गोष्टींपासून: जुना रंग खरवडताना उडणारी धूळ, थिनर-टर्पेंटाइनची वाफ, आणि स्टुलावरून पडणं. म्हणून रंगाचं काम निघालं की तीन प्रश्न विचारायचे. रंग कोणता? काम कोणतं? महिना कितवा?

रंग कोणता?

चुना आणि गेरू हे आपले जुने रंग. त्यांत थिनर नसतं. गेरू म्हणजे लोहाची लाल माती. चुन्याची वाफ बाधत नाही, पण चुना भाजतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी उकळायला लागतं. चुना विरवण्याचं काम गरोदर बाईला देऊ नका. डोळ्यात थेंब उडाला तर लगेच पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा.

डिस्टेंपर, इमल्शन, ज्याला आपण प्लास्टिक पेंट म्हणतो, हे पाण्यात कालवायचे रंग. यांचा वास सौम्य असतो आणि लवकर जातो. घरात गरोदर बाई असेल तर भिंतीसाठी असाच रंग घ्या.

ऑइल पेंट मात्र वेगळा. दारं, खिडक्या, ग्रिल, लोखंडी कपाट यांना लागतो तो. तो थिनर किंवा टर्पेंटाइन घालून पातळ करतात. त्याची वाफ श्वासातून रक्तात जाते आणि रक्तातून बाळापर्यंत पोचते. एखाद्या दिवशी वास आला म्हणून धसका घेऊ नका. पण कामाच्या ठिकाणी रोज अशी रसायनं हाताळणाऱ्या बायांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत. म्हणून गरोदर बाईनं ऑइल पेंट लावू नये आणि थिनरनं हातही पुसू नयेत. हाताला रंग लागलाच तर खोबरेल तेल चोळावं आणि साबणानं धुवावं. तोंडाला पदर बांधला तरी वाफ थांबत नाही, हेही लक्षात ठेवा.

काम कोणतं?

रंग लावण्यापेक्षा जुना रंग काढण्याचं काम जास्त धोक्याचं. याचं कारण शिसं.

पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. पिवळा, केशरी, लाल, हिरवा असे भडक रंग शिशाच्या संयुगांनी उजळ होत. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर हेसुद्धा शिशाचंच ऑक्साइड. लोखंड गंजू नये म्हणून लावायच्या लाल प्रायमरमध्येही तेच वापरलं जाई. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. आता घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग, याहून जास्त चालत नाही. पण नियम नव्या डब्याला लागू झाला. आपल्या घराचं दार त्याआधी रंगवलेलं असेल, तर त्यावरच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं.

तो रंग दारावर घट्ट बसला आहे तोवर काही बिघडत नाही. पॉलिश पेपरनं कोरडा घासला की त्याची बारीक धूळ होते. ती श्वासातून जाते, हाताला लागून भाकरीबरोबर पोटात जाते. तिला वास नाही, चव नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच माहीत नाही. शिसं वार ओलांडून बाळाकडे जातं. त्यानं गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो, आईचं ब्लडप्रेशर वाढू शकतं आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

म्हणून जुना रंग घट्ट असेल तर खरवडू नका. साबणाच्या पाण्यानं धुवून वरून नवा रंग द्या. पोपडे सुटले असतील तर पाणी मारून ओलं करून काढा, खाली प्लास्टिक अंथरा, नंतर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. हे काम दुसऱ्या कुणी करायचं. त्या वेळी गरोदर बाई आणि लहान मुलं घरात नकोत. काम करणाऱ्यानं आंघोळ करून, कपडे बदलून मगच त्यांच्याजवळ जावं. पोपडे परसात, भाजीच्या वाफ्यात टाकू नका.

इथं आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत, ज्या सहसा कुणी सांगत नाही.

पहिली म्हणजे जळण. जुनी घरं पाडली की रंगवलेल्या चौकटी, फळ्या जळणाला येतात. त्या चुलीत किंवा बंबात घालू नका. त्यातलं शिसं धुरात आणि राखेत उतरतं. चुलीपुढे बसलेली बाई तो धूर घेते, आणि तीच राख भांड्यांना लागते.

दुसरी म्हणजे डोहाळे. पुष्कळ बायांना दिवसांत माती, खडू, गेरू, भिंतीचा पोपडा खावासा वाटतो. लाजेनं त्या कुणाला सांगत नाहीत. मैत्रिणींनो, हा वेडेपणा नाही. बऱ्याचदा अंगात रक्त कमी असल्याची ती खूण असते. पण रंगाचा पोपडा तोंडात गेला तर शिसं थेट पोटात जातं. अशा बाईला हसू नका, तिला रागावू नका. आशाताईंना सांगून तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. शिवाय पूर्वी अंगात गेलेलं शिसं हाडांत साठून राहतं, आणि दिवसांत बाळासाठी हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा तेही बाहेर येतं. म्हणून सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. दोन्ही एकाच वेळी मात्र घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या. जेवणात नाचणी, पालेभाजी, सुकट, डाळ असू द्या, आणि वर लिंबू पिळा.

महिना कितवा?

पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडतात. डेन्मार्कमध्ये हजारो गरोदर बायांची पाहणी झाली. घरातल्या रंगाचा वास आलेल्या बायांची बाळं त्यामुळे कमी वजनाची झाली, असं तिथं दिसलं नाही. पहिल्या तीन महिन्यांबद्दल मात्र तिथल्याच दुसऱ्या एका पाहणीत काही शंका निघाल्या. त्या पक्क्या झालेल्या नाहीत, पण शहाणपण यातच की पहिले तीन महिने रंगकाम टाळावं. या दिवसांत उलट्या-मळमळ असतेच. तिला वास सहन होत नसेल तर ती नाटक करते, असं कुणी म्हणू नये.

मधल्या महिन्यांत, खिडक्या उघड्या असताना, पाण्याच्या रंगाचा ब्रश तासभर हातात धरला तर हरकत नाही. हातमोजे घाला, मध्ये उठून बाहेर मोकळ्या हवेत बसा, त्या खोलीत खाणं-पिणं नको. नंतर हात साबणानं धुवा.

पोट पुढे आलं की तोल बदलतो, सांधे सैल होतात. तेव्हा स्टूल, शिडी, खुर्चीवर ठेवलेला पाट, यांवर चढायचं नाही. ओल्या फरशीवरून चालायचं नाही. रंगाची बादली उचलायची नाही. रंगानं जेवढं होत नाही, तेवढं एका पडण्यानं होतं.

आपल्याकडचा पाऊस

खिडक्या उघड्या ठेवा, असं सांगणं सोपं. आपल्याकडे गणपतीच्या आधी पावसाची झड लागलेली असते. खिडकी उघडली की पाणी आत येतं, मग दारं लावून रंगकाम होतं. ओल असली की रंग वाळायला वेळ लागतो आणि वास खोलीत कोंडतो. तेव्हा घरात गरोदर बाई असेल तर मोठं काम पावसाच्या आधी उरका किंवा दिवाळीवर ढकला. लेक सातव्यात माहेरी येणार असेल तर ती येण्याच्या निदान आठ-दहा दिवस आधी रंग पुरा करा. यंदा गणपतीला भिंत नुसती धुतली तरी चालेल. देव काही रागावत नाही.

करायचंच असेल तर एका वेळी एकच खोली घ्या. एकाच खोलीचं घर असेल तर वास जाईपर्यंत तिची झोपायची सोय शेजारी किंवा जावेकडे करा.

पोटासाठी रंगकाम करणाऱ्या बाया

घरचा रंग दोन दिवसांचा. पण पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत बाया महिनोन्‌महिने मूर्ती घासतात, रंगवतात. पनवेल, कामोठे, खारघरच्या नव्या इमारतींत आपल्या गावच्या बाया फरशीवरचे रंगाचे डाग काढायला जातात. तिथं धोका रोजचा असतो, म्हणून वाढतो. काम सोडून द्या, असं आम्ही म्हणणार नाही, कारण चूल त्यावर पेटते. पण दिवस राहिले की मुकादमाला, मालकाला लवकर सांगा. घासणं, स्प्रे मारणं आणि थिनरचं काम बदलून मागा. मूर्तीची आखणी, बांधाबांध, कोरडी झाडलोट नसलेलं काम घ्या. एकटीला मागायला जड जातं, म्हणून गटातल्या दोघींनी बरोबर जावं.

आणि पाळणा

बाळासाठी जुना पाळणा काढतात, पॉलिश पेपरनं घासतात, चकचकीत रंग देतात. बाळाला दात येऊ लागले की ते पाळण्याचा कठडाच चावतं. जुना रंग निघत असेल तर तो पाळणा नको. त्यापेक्षा जुन्या लुगड्याची झोळी बरी.

झालंच असेल तर

कुणी आधीच घरात रंग दिला असेल तर मनाला लावून घेऊ नका. चक्कर, डोकेदुखी, मळमळ वाटली तर मोकळ्या हवेत या. बहुतेक वेळा तेवढ्यानं बरं वाटतं. जुना रंग बराच खरवडला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. रक्तातलं शिसं तपासता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तेव्हा विचारा.

पण पडली, पोटात दुखू लागलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा बरं न वाटणं थांबेचना, तर वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचं केंद्र गाठा.

शेवटी गटांना एक सुचवतो. पुढच्या बैठकीत बघा, आपल्यातली कोण गरोदर आहे आणि तिच्या घरी रंग निघणार आहे का. दोघी-तिघींनी जाऊन तिचं काम उरकून द्यावं. तिनं त्या वेळी अंगणात बसून डाळ निवडावी आणि रंग कसा दिसतो ते लांबून सांगावं.