चौदा टनी हायड्रा तीन टनाचं मशीन का उचलत नाही?



चाकण किंवा भोसरीत मशीन शिफ्टिंगचं, शेड उभारणीचं काम घ्यायचं ठरवताय? मग कोटेशन पाठवायच्या आधी हे वाचा. "सर, हायड्रा चौदा टनी, मशीन तीन टनाचं, तरी ऑपरेटर नको का म्हणतो?" हा प्रश्न मला नेहमी येतो.

ऑपरेटर बरोबर असतो. चौदा टन हा आकडा बूम पूर्ण आत आणि बोजा क्रेनच्या अगदी जवळ असतानाचा. कंपाउंडची भिंत आडवी आली, क्रेन लांब उभी राहिली, बूम बाहेर काढला, की क्षमता झरझर उतरते. किती, ते लोड चार्टवर बघा. चार्ट नसेल तर ती क्रेन परत पाठवा, भाडं बुडालं तरी.

आता बेल्टचं. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. दुकान नवीन होतं, एकाने दोन टनी हिरवे बेल्ट दोन मागितले. कशाला, हे न विचारता मी दिले. मशीन साडेतीन टनांचं लेथ. बेल्ट उभे राहिले असते तर प्रत्येकावर पावणेदोन टन. पण छत खाली, हूकला उंची मिळेना, म्हणून बेल्ट पसरट लावले. बेल्ट जमिनीशी 30 अंशांवर आला की प्रत्येकावर पूर्ण साडेतीन टन येतात! त्यात लेथच्या धारेवर गोणपाटसुद्धा नव्हतं. एक बेल्ट कापला गेला, लेथ आपटलं. हेल्पर दोन पावलं मागे होता म्हणून वाचला. तेव्हापासून वजन, छताची उंची विचारल्याशिवाय मी बेल्ट देत नाही. काही गिऱ्हाइकं चिडतात, चिडू देत.

1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं, 20 जण गेले. तिथे मोठी यंत्रणा होती. आपल्याकडे एक हायड्रा, दोन हेल्पर आणि पुढची शिफ्ट सुरू व्हायच्या आत उरकायची घाई.

कारखान्यात काम असेल तर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमाचं कलम 29 लक्षात ठेवा. त्यानुसार क्रेन, साखळी, बेल्ट यांची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांत किमान एकदा तपासणी लागायची, सुरक्षित वजन स्पष्ट लिहिलेलं लागायचं. क्रेनवाल्याकडे सर्टिफिकेट मागायला लाजू नका. मोठ्या कंपनीत ते गेटवरच मागतात.

आणि साइट एकदा पायी फिरून या. क्रेन वळेल का, टायरखाली ड्रेनेजचं चेंबर किंवा ताजा भराव आहे का, वर विजेच्या तारा आहेत का. मोठी क्रेन लागणार असेल तर तिचं भाडं आणि एक जादा शिफ्ट कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. पार्टी म्हणेल, "दुसरा निम्म्यात करतोय." करू दे त्याला.