धरणाचे गणित : जाळी कोठवर वाढवावी?

यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेवर पुसद तालुक्यातील इसापूर, पूस नदीवर पुसदजवळ, अरुणावतीवर दिग्रसजवळ आणि बेंबळा नदीवर बाभुळगाव तालुक्यात मोठी धरणे उभी आहेत. ही मुख्यत्वे मातीची धरणे होत. इसापूरच्या धरणाची उंची सुमारे ५७ मीटर आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरपासून अमलात आला. पंधरा मीटरहून उंच असलेल्या विद्यमान धरणांची पहिली सर्वंकष सुरक्षा तपासणी स्वतंत्र तज्ज्ञमंडळाकडून पाच वर्षांच्या आत व्हावी, असे त्याने ठरवून दिले. अशा तपासणीत धरणातील ताण व खचणे यांची आकडेमोड संगणकावर करावी लागते, तेव्हा ‘परिमित घटक पद्धती’ उपयोगी पडते.

या पद्धतीत धरणाच्या आकृतीचे लहान लहान त्रिकोणी वा चौकोनी घटक पाडतात. घटक एकमेकांस कोपऱ्यांवरील गाठींनी जोडलेले असतात. प्रत्येक गाठ भारामुळे किती हलेल, याची समीकरणे मांडून ती सर्व एकत्र सोडविली जातात. विमानाच्या रचनेचे गणित करताना ही रीत पुढे आली. १९६० मध्ये अमेरिकन अभियंते रे क्लफ यांनी तिला आज रूढ असलेले नाव दिले.

घटकांची ही जाळी धरणाच्या पायाशीच संपविता येत नाही. सुतळीच्या बाजेवर मनुष्य एका जागी बसला तरी दूरची सुतळीही ताणली जाते. धरणाचा भारही तसाच खाली आणि दोन्ही बाजूंस पसरतो. जाळी पायापाशी तोडून तिचा तळ अचल मानला, तर पायाखालची जमीन मुळीच दबत नाही असे आपणच आधी ठरवून टाकतो आणि उत्तर खोट्या भरवशाचे येते. म्हणून जाळी जमिनीत वाढवावी लागते. धरणाच्या उंचीच्या दीडदोन पट अंतर खाली व बाजूंना घेऊन आरंभ करावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. मग जाळी आणखी वाढवून गणित पुन्हा करावे. ताणाच्या उत्तरात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही, तर ती मर्यादा पुरेशी समजावी.

वाढविण्याची किंमत अर्थातच मोजावी लागते. ६०० मीटर रुंद व २०० मीटर खोल पट्ट्यात एक एक मीटरचे चौकोन पाडले तर घटक १,२०,००० होतात आणि अज्ञात राशी दोन लाख चाळीस हजारांवर जातात. म्हणून धरणाजवळ घटक बारीक ठेवून दूर ते क्रमाक्रमाने मोठे करतात. हा बदल एकदम केला तर सांध्यापाशी उत्तर बिघडते.

मातीच्या धरणात जाळी वरच्या अंगानेही वाढवावी लागते. भराव थराथराने चढतो, म्हणून गणितातही घटकांचा एकेक थर चढवावा, हे क्लफ व वुडवर्ड यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. सारे धरण एका क्षणात उभे राहिले असे मानल्यास भरावाचे सर्वाधिक खचणे माथ्यावर दिसते. थरांच्या हिशेबाने ते मधल्या उंचीवर येते. खचण्याचे मापक कोठे बसवावे, हे यावरून ठरते.

भूकंपाचा विचार आला की प्रश्न अवघड होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला, जेथे त्याचा उतार बदलतो त्या उंचीजवळ, तडे गेले. जगभरातील अभियंते आपले गणित पडताळण्यासाठी आजही हेच उदाहरण घेतात. हादऱ्याच्या लाटा प्रत्यक्षात दूर निघून जातात. जाळीच्या कडेवरून मात्र त्या आरशावरील प्रकाशासारख्या परततात आणि धरणाला नसलेला हादरा देतात. अशा वेळी जाळी नुसती वाढवीत बसणे परवडत नाही. लिस्मर व कुलमायर यांनी १९६९ मध्ये सुचविल्याप्रमाणे कडेवर लाट शोषणारे घटक बसवितात.

साध्या भाराच्या गणितातही एक अडचण उरतेच. धरणाच्या उभ्या छेदाखालची जमीन खोलवर एकसारखी मानली, तर ताण लवकर स्थिरावतात, पण खचण्याचा आकडा जाळी खोल नेऊ तसतसा वाढतच राहतो. थांबावे कोठे, हे संगणक सांगत नाही. ते जमीनच सांगते. जिल्ह्याच्या बहुतेक भागात काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली अग्निजन्य काळा कातळ आहे. सलग कठीण कातळ लागला की जाळीचा तळ तेथे ठेवण्यास आधार मिळतो. परंतु लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी मऊ लाल मातीचा पट्टा सापडतो, कधी सच्छिद्र खडक लागतो. वणीकडे तर दगडच निराळा. तेथे चुनखडक, वालुकाश्म व कोळशाचे थर आहेत.

हे थर विंधन छिद्रांखेरीज कळत नाहीत. जेथवर जमिनीची माहिती आहे तेथवरच वाढविलेल्या जाळीला अर्थ असतो. त्यापुढे केवळ अंदाजाचे आकडे भरले जातात. छिद्रांच्या खर्चात काटकसर करून संगणकावर मोठी जाळी काढणे हा उलटा व्यवहार होय. धरणरेषेपासून शंभर-दीडशे मीटरांवर, एखाद्याच्या शेताच्या बांधालगत, छिद्र घेणारे यंत्र उभे राहिले, तर नवे भूसंपादन सुरू झाले अशी शंका गावात येणे स्वाभाविक आहे. ते यंत्र जाळीच्या कडेवरची माती व खडक यांचे नमुने घेण्यासाठीही आलेले असू शकते. काम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीस तसे लेखी कळविणे इष्ट ठरेल.