फायरप्लेसमधली फट: दिसते ती आणि दिसत नाही ती

अमेरिकेत किंवा कॅनडात जुने घर घेतले की दिवाणखान्यातली फायरप्लेस बहुधा आयतीच मिळते. दिसायला देखणी, पण ऊब देण्यात महाकंजूष, कारण उघड्या जाळाची बहुतेक उष्णता सरळ धुरांड्यातून वर जाते. म्हणून तिच्या पोटात काचेच्या दाराची लोखंडी किंवा पोलादी पेटी सरकवतात. हाच फायरप्लेस इन्सर्ट. तो बसतो, पण विटांच्या आणि त्याच्या मध्ये काळी फट उरते. नव्या मालकाच्या डोळ्यात ती खुपते आणि तो हार्डवेअरच्या दुकानातून फोमचा डबा घेऊन येतो. इथूनच गैरसमजांची रांग लागते.

पहिला गैरसमज असा, की फट राहिली म्हणजे बसवणाऱ्याने हयगय केली. खरे तर इन्सर्ट ठरावीक मापांत येतात आणि फायरप्लेसचे तोंड ज्याने बांधले त्याच्या मर्जीने असते. पेटी आत सरकवायला, वर धुराचा पाइप जोडायला जागा लागते. अनेक इन्सर्टमध्ये पंख्याने ढकललेली हवा बाहेरच्या कवचाला वळसा घालून खोलीत परत येते, तिच्या वाटाही मोकळ्या राहाव्या लागतात. फट झाकण्यासाठी कंपन्या सराउंड नावाची पत्र्याची चौकट वेगवेगळ्या मापांत विकतात. फायरप्लेसचे तोंड फारच मोठे असेल, तर पत्राकाम करणाऱ्याकडून मापाची चौकट कापून घ्यावी आणि तिला स्टोव्हचा उष्णतारोधक रंग मारावा. नीटनेटक्या दिसण्याचा प्रश्न बहुतेक घरांत एवढ्यावरच मिटतो.

‘आगीसाठीचा नारिंगी फोम तर चालेलच ना?’ नाही. हा पॉलियुरेथेनचाच फोम आहे. भिंतीतून वायर किंवा पाइप जातो तिथली भोके बुजवून आग आणि धूर दुसऱ्या मजल्यावर पसरण्याला अटकाव करणे, एवढेच त्याचे काम. नारिंगी रंग तपासनिसाला तो चटकन ओळखता यावा म्हणून दिलेला असतो. असा फोम साधारण ११५ अंश सेल्सियसपर्यंतच्या वापरासाठी असतो आणि भर जाळात इन्सर्टचा पत्रा याच्या सहज पलीकडे जातो. शिवाय फोम स्वतः जळतो, आणि जळताना विषारी वायू सोडतो.

फायर सिमेंटची अडचण उलटी. ते हजार अंशांनाही दाद देत नाही, पण वाळले की दगडासारखे कडक होते. ७५ सेंटिमीटर रुंदीचा पोलादी पत्रा २०० अंशांनी तापला की जवळपास दोन मिलिमीटर रुंदावतो. वीट पत्र्याइतकी तापत नाही आणि तापली तरी निम्मीच फुगते. शाळेच्या पुस्तकात रेल्वेच्या रुळांमध्ये फट का ठेवतात हे शिकलो होतो, तोच नियम इथे. पत्रा आणि वीट यांच्यामधला सिमेंटचा सांधा काही दिवसांत तडकतो, आणि इन्सर्ट तपासणीसाठी बाहेर ओढायचा तर छिन्नी-हातोडी घ्यावी लागते. इन्सर्टच्या पुस्तिकेत कड बंद करायला सांगितले असेल, तर सराउंडच्या मागे फायबरग्लासचा किंवा सिरॅमिक धाग्यांचा जाड दोर, नाहीतर मिनरल वूलची पट्टी दाबून बसवतात. ती पत्र्याबरोबर हलते आणि हवी तेव्हा काढता येते. भिंतीत घालायचे कागद लावलेले गुलाबी ग्लासवूल मात्र इथे नको. तो कागद पेट घेतो.

आता खरा मुद्दा. समोरून सगळे बंद केले की गळती थांबली, हा समज जुन्या काळातून आला आहे. १९७०च्या दशकातले अनेक इन्सर्ट पाइप न जोडता नुसतेच आत ढकलले जात. धूर मोठ्या धुरांड्यात मोकळा सुटे, थंड होई आणि भिंतींवर क्रिओसोट म्हणजे डांबरासारखी ज्वलनशील काजळी साठे. तेव्हा खोली आणि धुरांडे यांच्यात समोरची कड हाच अडसर होता. आता इन्सर्टपासून थेट धुरांड्याच्या टोकापर्यंत स्टीलचा पाइप, म्हणजे लायनर, नेतात. तो ओवण्यासाठी धुरांड्याच्या गळ्यातली डॅम्परची झडप काढतात किंवा कापतात, आणि लायनरभोवती मोठे भोक उघडे राहते. पेटीमागे तापलेली हवा तिथून वर पळते. चूल विझली की थंड हवा खाली येते. धुरांडे घराच्या बाहेरच्या भिंतीत असेल तर हे फारच जाणवते.

म्हणून बुजवायची फट ही, न दिसणारी. डॅम्परच्या जागी लायनरच्या मापाचे भोक पाडलेला पत्रा विटांना स्क्रूने बसवतात, त्याच्या कडा उष्णतारोधक सीलंटने बंद करतात आणि वर मिनरल वूल भरतात. याला ब्लॉक-ऑफ प्लेट म्हणतात. तिने खर्च वाढतो म्हणून ती गाळली जाते, पण माझ्या मते सराउंडच्या सुबकतेपेक्षा आधी तिची चौकशी करावी. परीक्षा सोपी आहे. थंडीवाऱ्याच्या दिवशी, चूल विझलेली आणि गार असताना, सराउंडच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला किंवा जोरात बाहेर ढकलला गेला, तर गळती वर आहे.

याच कामात एक घातक चूकही होते. समोर विटा दिसतात म्हणून आतही विटाच असतील असे धरून चालतात. अनेक अमेरिकी घरांत विटांच्या पातळ थरामागे कारखान्यात बनवलेली पत्र्याची फायरप्लेस असते आणि तिच्यापलीकडे भिंतीचे लाकूड. पत्र्याच्या दोन थरांमधून फिरणारी हवाच त्या लाकडाला थंड ठेवते. अशा फायरप्लेसच्या झरोक्यांत काहीही कोंबायचे नाही.

लाकडी पट्टीने फट झाकण्याचा विचार तर सोडूनच द्या. अमेरिकी निवासी बांधकाम संहितेनुसार विटांच्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांत लाकूड चालत नाही. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात दर इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचच ते पुढे येऊ शकते. इन्सर्टच्या पुस्तिकेत जास्त अंतर दिले असेल तर ते पाळायचे. गॅसच्या इन्सर्टचे झरोके सजावटीसाठी झाकू नयेत. इलेक्ट्रिकला धूरच नसल्याने बरीच मोकळीक असते, पण त्याचीही हवेची तोंडे उघडी हवीत.

सराउंड काढल्यावर आत रिव्हेट मारलेली धातूची पट्टी दिसली, तर ती कुरूप म्हणून उपटू नका. फायरप्लेसमध्ये फेरफार झाला आहे, मूळ स्थितीत आणल्याशिवाय इथे उघडा जाळ करू नये, असे ती पुढच्या मालकाला सांगत असते.